भोंगा वाजतो, पण पोचतो का? शाळेतील आगीच्या इशाऱ्याची जोडणी समजून घेऊया



शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर लाल रंगाचा एक छोटा डबा दिसतो. वायरमन त्याला हूटर म्हणतात, आपण भोंगा म्हणू. त्याच्या शेजारी, किंवा त्याच्यातच, लखलखणारा एक दिवा असतो. तो स्ट्रोब. तपासणीच्या दिवशी कोणीतरी बटण दाबतं, भोंगा वाजतो, सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो.

खरं तर विषय तिथून सुरू व्हायला हवा. आपण दोन प्रश्न विचारायचे आहेत. पहिला, शेवटच्या खोलीतल्या शेवटच्या मुलापर्यंत हा इशारा पोचतो का? दुसरा, आज वाजणाऱ्या भोंग्याची वायर उद्या उंदराने कुरतडली, तर ते आपल्याला आग लागण्याआधी कळेल का?

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेला आग लागली आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये शाळांच्या आगसुरक्षेबाबत देशभरासाठी निर्देश दिले. आपल्या राज्यात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो, तिथे हे काम परवानाधारक संस्थेकडून करून घ्यायचे असते. यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्रही वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करायचे असते.

म्हणजे पक्कड घेऊन शिडीवर चढणं हे आपलं काम नाही, आणि शाळेच्या नेहमीच्या वायरमनचंही नाही. पण काम चालू असताना समोर उभं राहून चार नेमके प्रश्न विचारणं हे मात्र आपलंच काम आहे. त्यासाठी थोडं विज्ञान समजून घेऊया.

१. आवाज कुठपर्यंत जातो?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो. समजा, भोंग्यापासून १ मीटरवर आवाज १०० डेसिबल आहे. मग २ मीटरवर ९४, ४ मीटरवर ८८, ८ मीटरवर ८२ आणि १६ मीटरवर ७६. आता मध्ये वर्गाचं बंद दार आलं. साधं दारही सुमारे २० डेसिबल आवाज अडवतं. उरले ५६!

आपल्याकडचा पाळला जाणारा निकष असा की इशारा किमान ६५ डेसिबल हवा, किंवा तिथल्या नेहमीच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबलने जास्त हवा. दोन्हींपैकी जे जास्त असेल ते धरायचं. दुसरीचा वर्ग तालात पाढे म्हणत असेल, तर ५६ डेसिबलचा भोंगा कोणाला ऐकू येणार? वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत मुलं झोपलेली असतात, म्हणून तिथे उशाशी ७५ डेसिबल लागतात.

उपाय सोपा आहे. मैदानाकडे तोंड केलेला एकच कर्णकर्कश भोंगा लावण्यापेक्षा मध्यम आवाजाचे जास्त भोंगे जागोजागी लावावेत. त्यामुळे लहान मुलं दचकून सैरावैरा पळत नाहीत आणि इशाराही सगळीकडे पोचतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: या भोंग्याचा आवाज तासाच्या घंटेसारखा मुळीच नको. नाहीतर मुलं डबे काढून बसतील.

२. दिवा कशासाठी?

आपल्या वर्गात कर्णबधिर मूल असेल तर बाई हात धरून त्याला बाहेर नेतील, हे खरं. पण ते मूल त्या क्षणी एकटंच स्वच्छतागृहात असेल तर? त्याच्यासाठी भोंगा वाजलेलाच नाही. म्हणून वर्ग आणि व्हरांड्याबरोबरच स्वच्छतागृह, वाचनालय आणि संगणक कक्ष अशा ठिकाणी दिवा हवा.

दिवा भिंतीवर साधारण २ ते २.४ मीटर उंचीवर लावतात, म्हणजे माणसांच्या डोक्यांवरून तो दिसतो. तो कपाटाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या फ्लेक्सच्या मागे जाणार नाही, याची काळजी आपण घ्यायची.

तो सेकंदाला एक-दोन वेळाच चमकायला हवा. एका जागेवरून दोनपेक्षा जास्त दिवे दिसत असतील तर ते सगळे एकाच वेळी चमकले पाहिजेत. प्रत्येक जण आपल्या तालात चमकू लागला तर डोळ्यांना लखलखाट फार वेगाने झाल्यासारखा वाटतो, आणि ज्या मुलांना अशा प्रकाशाने फिट येऊ शकते त्यांना त्रास होतो. दिवे एका तालात चमकवण्याची सोय पॅनलमध्ये किंवा वेगळ्या मोड्यूलमध्ये असते. ती आहे का, हे खरेदीआधीच विचारा.

३. जोडणी: समांतर, पण फाटे नकोत

आता मुख्य मुद्दा. बहुतेक यंत्रणा २४ व्होल्टच्या डीसी विजेवर चालतात. कंट्रोल पॅनलमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात, त्यामुळे लाइट गेली तरी भोंगा वाजतो. काही ठिकाणी घरच्या बेलसारखा २३० व्होल्टचा भोंगा थेट मेन लाइनवर लावलेला दिसतो. आग लागल्यावर सर्वांत आधी मेन स्विच बंद करतात. मग तो भोंगा वाजणार कशावर?

पॅनलमधून दोन वायरी निघतात. त्या पहिल्या भोंग्याकडे जातात, तिथून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. सगळे भोंगे समांतर जोडणीत असतात, पण मार्ग मात्र मण्यांच्या माळेसारखा एकच असतो. शेवटच्या मण्यावर एक छोटासा रोधक म्हणजे रेझिस्टर बसवतात. हा इवलासा रेझिस्टरच सगळ्या माळेचा पहारेकरी आहे.

कसा ते पाहा. एरवी पॅनल या वायरींतून अगदी थोडी विद्युतधारा उलट्या दिशेने सोडत असतं. भोंग्यात डायोड असतो आणि तो एकाच दिशेने धारा जाऊ देतो, म्हणून भोंगा गप्प राहतो. धारा शेवटच्या रेझिस्टरपर्यंत जाऊन परत येते आणि पॅनलला कळतं की वायर शाबूत आहे. वायर कुठेही तुटली की धारा थांबते, पॅनलवर बिघाडाचा पिवळा दिवा लागतो आणि बारीक पीं-पीं सुरू होतं. आग लागली की पॅनल धन-ऋण बाजू उलटवतं, पूर्ण २४ व्होल्ट भोंग्यांना मिळतात आणि सगळे एकदम वाजतात.

हे समजलं की पुढचे चार नियम पाठ करावे लागत नाहीत:

– धन आणि ऋण टोकं बदलायची नाहीत. बदलली तर भोंगा ऐन वेळी गप्प बसेल.
– मधूनच फाटा काढून जास्तीचा भोंगा लावायचा नाही. फाट्यातली वायर तुटली तरी मुख्य माळेतली धारा चालूच राहते आणि पॅनलला काहीच कळत नाही.
– भोंग्यापाशी वायर अखंड ठेवून, नुसती सोलून, स्क्रूभोवती गुंडाळायची नाही. ती कापून येणारं आणि जाणारं टोक वेगवेगळं बसवायचं. म्हणजे टोक सुटलं की माळ तुटते आणि पॅनल ओरडतं.
– रेझिस्टर शेवटच्या भोंग्यावरच हवा. काम उरकण्यासाठी तो पॅनलमध्येच बसवला, तर पॅनल स्वतःलाच विचारतं आणि स्वतःच ‘सगळं ठीक’ म्हणतं. पिवळा दिवा कधीच लागत नाही.

नव्या ॲड्रेसेबल पॅनलमध्ये पद्धत थोडी वेगळी असते. तिथे त्या कंपनीच्या आकृतीप्रमाणेच जोडणी करावी.

४. वायर किती जाड?

हे एक छान शाब्दिक उदाहरण आहे. समजा, दिव्यासह १० भोंगे आहेत आणि प्रत्येकाला ८० मिलिअँपिअर लागतात. एकूण धारा ०.८ अँपिअर. पॅनलपासून शेवट ९० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १८० मीटर वायर. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो, म्हणून आपल्या वायरीचा रोध सुमारे २.२ ओहम. सगळा भार शेवटी आहे असं धरलं तर ०.८ गुणिले २.२ म्हणजे जवळपास १.८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात.

बॅटरी उतरत आली की २४ चे साधारण २०.४ व्होल्ट होतात. त्यातून १.८ गेले, उरले १८.६. पुष्कळ भोंगे १६ व्होल्टपर्यंत चालतात, म्हणजे आपण पास. आता पैसे वाचवायला ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली तर रोध तिप्पट होतो. वाटेत ५ व्होल्टहून जास्त जातात आणि उरतात साधारण १५. तपासणीच्या दिवशी बॅटरी पूर्ण भरलेली असते म्हणून भोंगा वाजतो. नेमका लाइट गेलेल्या रात्री मात्र तो कण्हतो.

वायर आगीत काही काळ टिकणाऱ्या प्रकारची असावी आणि २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेऊ नये.

५. काम चालू असताना

पॅनलचा मेन पुरवठा बंद केला तरी बॅटऱ्या जिवंतच असतात, म्हणून त्याही सोडवाव्या लागतात. काही दिव्यांमधला कपॅसिटर वीज साठवून ठेवतो आणि पुरवठा बंद केल्यावरही झटका देऊ शकतो. लगेच उघडू नये. वायरींची मेगरने तपासणी करायची असेल तर भोंगे आणि पॅनल आधी सोडवून ठेवावे लागतात, नाहीतर त्या जास्त दाबाने आतले इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. आणि शिडीखाली मुलं नकोत. शक्यतो हे काम सुट्टीच्या दिवशीच ठेवा.

६. काम ताब्यात घेताना

सगळ्यांना आधी सूचना देऊन चाचणी घ्या. वर्गांची दारं बंद करून, मुलांना मोठ्याने वाचायला सांगून भोंगा वाजवा. एक जण सर्वांत लांबच्या स्वच्छतागृहात उभा राहू दे. मग पॅनलचा मेन पुरवठा बंद करून, फक्त बॅटरीवर पुन्हा वाजवा.

शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची. काम करणाऱ्या तंत्रज्ञांना सांगा, “दादा, शेवटच्या भोंग्याची एक वायर सोडून दाखवा.” काही वेळातच पॅनलने पीं-पीं करत पिवळा दिवा लावला पाहिजे. मधल्या कोणत्याही भोंग्यावर हेच करून बघा. दिवा लागला नाही, तर सही करू नका. जोडणी दुरुस्त होईपर्यंत काम पूर्ण झालेलं नाही.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ‘भोंगा आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘आहे’ असंच येईल. ‘वायर तुटली तर पॅनल सांगतं का, आणि हे शेवटचं कधी तपासलं?’ असं विचारा. आणि पॅनलवर आधीच पिवळा दिवा लागलेला असेल, तर तो बघायची सवय होऊ देऊ नका. त्याच दिवशी फोन करा.