जुन्या आगबंबांचे जतन

उधन्यात मागांच्या कारखान्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या दुपारी आगीचा बंब भोंगा वाजवीत येतो, तेव्हा हातगाडीवाला आपली गाडी कडेला घेतो, रिक्षा थांबतात, आणि शाळेतून घरी निघालेली मुले तो नजरेआड होईपर्यंत जागच्या जागी उभी राहतात. बंब कोठे चालला, हे प्रत्येक जण विचारतो. परंतु वर्षानुवर्षे अशी धावपळ केल्यावर तो बंब स्वतः अखेर कोठे जातो, हे सहसा कोणी विचारीत नाही. बहुधा तो बंबखान्याच्या मागील अंगणात काही पावसाळे गंजत पडतो आणि मग एके दिवशी लिलावात वजनावर विकला जातो. त्याच्यासोबत त्याची हकीकतही भंगारात जाते.

ही हकीकत भंगारात जाऊ नये म्हणून अमेरिकेत काही माणसे गेली सत्तर वर्षे झटत आहेत. ती माणसे काय करतात आणि का करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यात आपल्यासाठीही एक धडा आहे.

१९५८ साली न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज या शहरी जुन्या मोटार-बंबांच्या चाहत्यांनी एक संस्था स्थापन केली. मोडीत निघालेले बंब मिळवावेत, ते दुरुस्त करावेत आणि त्यांची माहिती टिपून ठेवावी, हा तिचा उद्देश. त्याच सुमारास एका गृहस्थाच्या छंदातून एक मोठे संग्रहालयही आकारास येत होते. जॉर्ज गेट्झ नावाच्या या उद्योजकाला १९५५ च्या नाताळात त्याच्या पत्नीने १९२४ साली बनलेला ‘अमेरिकन लाफ्रान्स’ कंपनीचा बंब भेट दिला. एका बंबाचे अनेक झाले, आणि १९६१ साली त्यांचे संग्रहालय उघडले. आज ते ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात आहे.

अशा संग्रहात फेरफटका मारणे म्हणजे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाची पाने उलटणेच होय. सर्वांत आधी दिसतात ते हातबंब. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमने १७२१ साली अशा बंबाचे पेटंट घेतले, आणि १७३१ मध्ये त्याचे दोन बंब जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचले. त्याचे तत्त्व आपल्या होळीच्या पिचकारीचेच. फरक इतकाच की यात दोन पिचकाऱ्या असतात. दोन्ही बाजूंच्या माणसांनी दांडा आळीपाळीने वरखाली केला की एकीत पाणी भरते आणि त्याच वेळी दुसरीतून ते बाहेर फेकले जाते.

पुढे वाफेचे बंब आले. १८५३ साली सिनसिनाटी शहराने पगारी अग्निशामक दल उभारून त्याच्या हाती वाफेचा बंब दिला. त्याची रचना समजण्यासाठी आपल्या घरातील अंघोळीचा तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. वाफेच्या बंबात पाणी आणि विस्तव यांची गाठ अनेक बारीक नळ्यांतून पडते, त्यामुळे वाफ झपाट्याने तयार होते आणि ती पंप चालवते. एक आग विझविण्यासाठी दुसरी आग पेटवावी लागे, हे या यंत्रातील नवल. वेळ वाया जाऊ नये म्हणून बंबखान्यातच त्याच्या बाष्पपात्रातील पाणी कोमट ठेवीत, आणि घोड्यांचा साज छताला टांगलेला असे. घंटा होताच घोडे जागेवर येत आणि साज वरून त्यांच्या पाठीवर उतरे.

तिसरा प्रकार रासायनिक बंबाचा. त्याच्या टाकीत खाण्याच्या सोड्याचे पाणी भरलेले असे आणि वर गंधकाम्लाची बाटली. बाटली उपडी झाली की दोहोंच्या संयोगाने कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण होई आणि त्याच्या दाबाने पाणी जोरात बाहेर पडे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण परीक्षानळीत पाहतो तोच हा प्रयोग, गाडीवर चढविलेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार-बंब आले. त्यांत सिनसिनाटीच्याच ‘अहरेन्स-फॉक्स’ कंपनीचा बंब पाहताक्षणी ओळखू येतो. कारण त्याच्या नाकावर धातूचा एक चकचकीत मोठा गोळा असतो. तो शोभेसाठी बसविलेला नाही. पिचकारीसारख्या पंपातून पाणी धक्क्याधक्क्याने येते. या गोळ्यातील हवा प्रत्येक धक्क्यासरशी दबते आणि दोन धक्क्यांच्या मध्ये पुन्हा फुगून पाणी ढकलते. त्यामुळे धार अखंड राहते, आणि नळी धरणाऱ्याच्या हाताला हिसके बसत नाहीत.

आता हे बंब जतन कसे करतात ते पाहू. हाती आलेला गंजका सांगाडा लगेच रंगवून काढणे, हे कच्च्या छांदिष्टाचे लक्षण. जाणता माणूस प्रथम वही उघडतो. यंत्रावरील पितळी पाटी शोधून तो अनुक्रमांक उतरवून घेतो. त्यावरून कंपनीच्या जुन्या नोंदींत तो बंब कोणत्या गावाला आणि कोणत्या साली दिला, याचा माग लागू शकतो. मग तो बंबाची चारही बाजूंनी छायाचित्रे घेतो. एखाद्या कोपऱ्यात रंग हळूहळू घासून त्याखालचे थर एकेक उघडे करतो. तेव्हा कधी खाली जुन्या गावाचे सोनेरी वर्खात लिहिलेले नावही सापडते. ज्या गावी बंब होता तेथील जुनी वर्तमानपत्रे तो चाळतो, म्हाताऱ्या बंबवाल्यांना भेटतो आणि कोणत्या आगीत बंब कसा वागला ते टिपून घेतो. त्यानंतरच पाना-पकड हाती घेतो.

या मंडळींत एक जुना वादही आहे. काही म्हणतात, बंब कारखान्यातून निघाला त्या दिवसासारखा दिसला पाहिजे. दुसरे म्हणतात, त्यावरचा प्रत्येक ओरखडा हा त्याच्या सेवेचा दाखला आहे, तो पुसू नये. पण एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे. कोणता भाग मूळचा आणि कोणता नवा, हे लिहून ठेवलेच पाहिजे. नाहीतर पुढील पिढीची फसगत होईल. वर्षातून कधीतरी ही मंडळी आपापले बंब घेऊन एखाद्या तळ्याकाठी जमतात, नळ्या पाण्यात सोडतात, आणि पाऊणशे-शंभर वर्षांची यंत्रे पुन्हा उंच धारा उडवू लागतात.

“यात उपयोग काय?” असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बाल्टिमोर शहराने १९०४ साली फार मोठी किंमत देऊन शिकविले. ७ फेब्रुवारीला तेथे आग लागली. वॉशिंग्टन आणि इतर शहरांतून बंब आगगाडीने मदतीला धावले. माणसे होती, यंत्रे होती, पाणीही होते. परंतु पाहुण्या बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात! बंबवाले जोडावर कापड गुंडाळून पाणी घेऊ पाहत होते. सुमारे तीस तास शहर जळत राहिले आणि दीड हजारांवर इमारती नष्ट झाल्या. पुढे चौकशीत आढळले की देशभर नळीजोडांचे सहाशेहून अधिक प्रकार वापरात होते. तेव्हा सर्वांसाठी एक प्रमाण ठरविण्यात आले. तथापि धडा लिहिला म्हणजे पाळला जातोच असे नाही. १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला, तेव्हा त्या शहराच्या तोट्या प्रमाणापेक्षा मोठ्या मापाच्या होत्या, आणि शेजारच्या गावांहून आलेल्या बंबांना पुन्हा तीच अडचण आली. त्या आगीत २५ माणसे गेली. म्हणून संग्रहातील एखादा जुना पितळी जोड ही निव्वळ शोभेची वस्तू मानू नये. त्याच्या शेजारी त्याची हकीकत लिहिलेली असेल, तर तो बोलू लागतो. नसेल, तर ते केवळ पितळ.

आपल्या देशात अशी जपणूक अगदीच नाही असे नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयात जॉन मॉरिस कंपनीने १९१४ साली इंग्लंडात बनविलेला एक बंब आहे. तो निजाम संस्थानच्या रेल्वेसाठी आणलेला. म्हणजे ज्या रेल्वेचे रूळ आपल्या मराठवाड्यातून गेले होते, तिच्या सेवेतला. जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत तो आपल्या चाकांवर चालत सामील झालेला आहे. परंतु असे भाग्य फार थोड्यांना लाभले.

आणि आठवणींचा तर आपल्याकडे तुटवडा नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही. बंबवाले पाण्याचा मारा करीत असतानाच दुपारी चारनंतर त्याचे दोन प्रचंड स्फोट झाले. मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

खुद्द आपल्या सुरतेची कहाणी याहून जुनी आहे. २४ एप्रिल १८३७ रोजी माछलीपीठ भागात तापत असलेले डांबर सांडून आग लागली. भर उन्हाळ्याचे दिवस आणि लाकडी घरे. पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि नऊ हजारांवर घरे भस्मसात झाली. आज त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आणि २४ मे २०१९ चा दिवस तर आपल्या थोरल्या भावंडांच्या स्मरणातला आहे. सरथाणा येथील तक्षशिला इमारतीच्या वरच्या मजल्यावर शिकवणीला गेलेल्या २२ विद्यार्थ्यांनी आगीत प्राण गमावले. त्यांतील बहुतेकांच्या हाती आपल्यासारख्याच वह्या होत्या.

विद्यार्थी मित्रहो, बंब विकत घेऊन अंगणात उभा करणे आपल्याला शक्य नाही. परंतु वही आपल्यापाशी आहे. सुट्टीत ताप्तीकाठच्या गाडीने आपण नंदुरबारला, धुळ्याकडे किंवा जळगावला जातो, तेव्हा तेथील नगरपालिकेच्या आवारात एखादा जुना बंब पडलेला दिसला, तर परवानगी घेऊन त्याच्या पाटीवरील अक्षरे उतरवून घ्यावीत. गल्लीत एखादे निवृत्त बंबवाले काका असतील, तर त्यांच्याजवळ बसून त्यांच्या आठवणी लिहाव्यात. आणि घरी परतल्यावर एक पान आपल्या स्वतःच्या इमारतीसाठी राखावे. जिना मोकळा आहे की सामानाने अडला आहे, गच्चीचे कुलूप कोणाकडे असते, सर्वांत जवळची पाण्याची टाकी कोठे आहे, आणि बंब बोलाविण्याचा दूरध्वनी क्रमांक १०१ घरातल्या लहानग्यांना पाठ आहे काय, हे त्यावर लिहावे. ते पान वडिलांना आणि शेजाऱ्यांना वाचून दाखवावे.

जुने बंब जपणारी ती दूरदेशची माणसे हेच करतात. जळून गेलेल्या घरांकडून जे शिकायला मिळाले, ते उभ्या असलेल्या घरांपर्यंत पोहोचवितात.