जुनी साखळी-करवत आणि तिचे सुटे भाग

इसवी सन १९४६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी निरखीत होता. ही अळी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने किंवा आडवी, कशीही, सारख्याच सहजतेने पुढे सरकत असे. कारण तिचा जबडा डावीकडून व उजवीकडून आळीपाळीने लाकूड कुरतडीत असे. याच धर्तीवर कॉक्सने साखळीवर डावे व उजवे असे दाते योजिले आणि १९४७ साली तिचे उत्पादन सुरू केले. आजच्या बहुतेक साखळी-करवतींची साखळी याच कल्पनेवर आधारलेली आहे.

साखळी हा करवतीचा सुटा भाग होय. एका कारखान्याची साखळी दुसऱ्या कारखान्याच्या करवतीवर चालू शकते. पण त्यासाठी तीन मापे जुळावी लागतात. पहिले माप कड्यांमधील अंतराचे. लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिलीच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याची निमपट केली, की ते मिळते. दुसरे माप पट्टीच्या खाचेत उतरणाऱ्या कडीच्या जाडीचे, ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, ही जाडी विशेष प्रचलित आहे. तिसरे माप म्हणजे अशा कड्यांची एकूण संख्या. यांपैकी पहिले माप दंतचक्राशी, दुसरे पट्टीच्या खाचेशी आणि तिसरे पट्टीच्या लांबीशी जुळले पाहिजे. एकही चुकले तर नवी साखळी निरुपयोगी ठरते. आणि ती बळेच बसविली तर धोकादायकही ठरते.

साखळीस लागू असलेला हा नियम इंजिनासही लागू पडतो. त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील होमलाइट कारखान्याच्या ‘एक्सएल-१२’ आणि ‘सुपर एक्सएल’ या दोन करवती होत. त्या काळच्या मानाने त्या लहान व हलक्या समजल्या जात. त्यांचे उत्पादन केव्हाच बंद झाले असले, तरी अनेक करवती अद्याप वापरात आहेत. याचे एक मोठे कारण असे, की या दोन्ही यंत्रांचे पुष्कळ भाग एकमेकांस चालतात. बिघडलेल्या दोन करवतींमधून एक चालती करवत उभी करता येते.

तथापि या साम्यास मर्यादा आहे. दोन्ही इंजिनांत दट्ट्याची धाव १ ३/८ इंच, म्हणजे सुमारे ३५ मिलिमीटर, एवढीच आहे. पण सिलिंडरचा व्यास पहिल्यात १ ३/४ इंच, तर दुसऱ्यात १ १३/१६ इंच आहे. फरक अवघा १.६ मिलिमीटरचा, पण त्यामुळे एकीचा दट्ट्या दुसरीच्या सिलिंडरात चालणार नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या वस्तू आतून सारख्या असतीलच असे नव्हे. म्हणून भाग विकत घेण्यापूर्वी यंत्रावरील नाव वाचून थांबू नये, मापही घ्यावे.

जुनी करवत सुरू होत नसेल, तर ठिणगी, इंधन आणि दाब या तीन गोष्टी क्रमाने तपासाव्यात. स्पार्क प्लग काढून ठिणगी पाहावी. जुन्या धाटणीच्या यंत्रात चक्राखाली ठिणगीसाठी धातूचे दोन स्पर्शबिंदू असतात. त्यांवर गंज किंवा तेल साचल्यास ठिणगी नाहीशी होते. ते स्वच्छ करून त्यांमधील फट पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी ठेवावी. इंधनाचा दोष बहुधा रबराच्या नळीत किंवा कार्बुरेटरातील पातळ पडद्यात आढळतो. हा पडदा असल्यामुळेच करवत आडवी-उभी कशीही धरली तरी इंजिन चालते. परंतु वर्षे लोटली की तो ताठर होतो. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल जुन्या रबरास विशेष अपायकारक असते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. अशा इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. नळीस तडा जाऊन हवा आत शिरली, म्हणजे सिलिंडरात इंधन कमी पोचते आणि त्याबरोबर तेलही कमी पोचते. इंजिन अधिक वेगाने फिरू लागते व जोमात आल्याचा भास होतो. वस्तुतः ते तापत असते. अखेर दट्ट्या सिलिंडरास घासून अडकतो. क्षुल्लक किमतीची नळी वेळेवर न बदलल्याने यंत्राचा सर्वांत महाग भाग गमवावा लागतो.

दुरुस्तीनंतर वापराचा प्रश्न येतो. समजा, ३/८ इंच मापाची साखळी ६ दात्यांच्या चक्रावर चढविली आहे. चक्राच्या एका फेऱ्यात साखळी ४.५ इंच पुढे सरकते. मिनिटास १०,००० फेरे होत असता तिचा वेग सेकंदास सुमारे १९ मीटर होतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला, तर करवत उसळून चालविणाराच्या अंगावर येते, आणि माणसास हात मागे घेण्यास अवधी उरत नाही. साखळी तत्क्षणी थांबविणारा रोधक १९७० च्या दशकात प्रचारात येऊ लागला. त्यापूर्वीच्या करवतींत तो नसतो. सुटे भाग बदलून ही उणीव पूर्णपणे भरून काढता येत नाही. उसळी कमी करणारी, योग्य मापाची साखळी बसविल्यास धोका घटतो, संपत नाही.

म्हणून अशी करवत दोन्ही हातांनी घट्ट धरावी, खांद्याच्या वर उचलू नये, आणि पट्टीचे टोक लाकडात कधीही खुपसू नये. इंजिन मंद चालत असता साखळी फिरत राहिली, तर काम सुरू करण्यापूर्वी तो दोष दूर करावा. योग्य भाग मिळाला म्हणजे जुने यंत्र पुन्हा चालू लागते. परंतु भाग नुसता बसला म्हणजे तो जुळला, असे समजण्याची चूक मात्र करू नये.