व्होल्टेज उतरलं की गिझर जास्त करंट खेचतो?

संध्याकाळी दिवे मंदावले की कोणीतरी हमखास बजावतं, "गिझर बंद करा, व्होल्टेज कमी आहे, करंट जास्त खेचेल, बिल वाढेल." कारणही तयार असतं. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. गिझर २००० वॅटचा. मग व्होल्ट घटले तर अँपिअर वाढणारच! याच गणिताच्या जोरावर बिल वाचवायला म्हणून लोकांच्या गळ्यात गिझरसाठी स्टॅबिलायझर मारले जातात, तेव्हा गप्प बसवत नाही.

चूक गुणाकारात नाही, २००० हा आकडा कायमचा धरण्यात आहे. गिझरची पाटी नीट वाचा. तिथे '२३० व्होल्ट, २००० वॅट' असं जोडीनं लिहिलेलं असतं. २३० व्होल्ट मिळाले तर २००० वॅट, एवढाच त्याचा अर्थ. कायम राहतो तो कॉइलचा रोध. तो पाटीवरूनच काढता येतो: २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर, २३० भागिले ८.७, म्हणजे सुमारे २६.५ ओहम. आता व्होल्टेज १८० वर आणा. १८० भागिले २६.५ म्हणजे ६.८ अँपिअर. करंट वाढला कुठे? तो घटला. आणि १८० गुणिले ६.८ म्हणजे जेमतेम सव्वाबाराशे वॅट. व्होल्टेज उतरलं २२ टक्क्यांनी, पण करंटही सोबत उतरल्यामुळे वॅट उतरले जवळजवळ ३९ टक्क्यांनी. तापल्यावर कॉइलचा रोध थोडा बदलतो, पण तो फरक काही टक्क्यांचाच. पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागेल, युनिट मात्र जवळपास तेवढेच पडतील. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम आहे हा. शंका असेल तर वायरमनला क्लॅम्प मीटर लावायला सांगा, मात्र एकाच तारेभोवती. फेज आणि न्यूट्रल एकत्र पकडले तर शून्य दिसेल.

कमी व्होल्टेजला करंट वाढतो हा समज शेतावर मात्र खरा आहे. पंपाची मोटर म्हणजे नुसता रोध नव्हे. तिचा वेग मुख्यतः ५० हर्ट्झवर ठरतो आणि विहिरीतलं पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं असतं. व्होल्टेज उतरलं तरी काम कमी होत नाही, म्हणून करंट वाढतो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूलने १८४१ मध्ये दाखवलं: करंट २० टक्के वाढला तर उष्णता ४४ टक्के. वायंडिंग जळतं ते यामुळे. स्टार्टर सारखा ट्रिप होतो म्हणून ओव्हरलोड रिलेचं सेटिंग वाढवून ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका; तो रिले तुमची मोटर वाचवतोय. टीव्ही, संगणक, इन्व्हर्टर एसी हेही कमी व्होल्टेजला करंट वाढवून घेतात. कॉइलचा हीटर, इस्त्री, गिझर तसं करत नाहीत.

जास्त वॅट म्हणजे जास्त रोध, हाही गैरसमजच. २३० व्होल्टच्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध पेटलेला असताना ८८२ ओहम, १०० वॅटच्याचा ५२९.

तोच १०० वॅटचा बल्ब थंड असताना मल्टिमीटरवर चाळीसेक ओहम दाखवतो. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनच्या तारेचा रोध पेटल्यावर दहापटीहून जास्त होतो.



आणि १६ अँपिअरच्या सॉकेटला लावलं म्हणून कोणतंही उपकरण १६ अँपिअर खेचत नाही. सॉकेट किती सोसेल, त्याचा तो आकडा आहे.