पंधरा ओळींची रांगोळी, सोळा ओळींचं अंगण
घरातली यंत्रं : भाग ११

"मामा, चित्र पुसट दिसतंय. आणि खाली कोपऱ्यात गोळ्या किती उरल्या त्याचा आकडा अर्धा कापला जातोय." शनिवारी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आवाजावरून कळत होतं, गडी पुरता खट्टू झालाय.

भाचा शिरपूरकडचा. इथे सिल्वासात एका यार्न कंपनीत टेक्स्चरायझिंगच्या मशीनवर असतो. बारा तासांची पाळी. ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकून टाकून त्याने वापीहून एक जुना प्लेस्टेशन ४ आणला होता. चित्र बरं येईना म्हणताच आपण फसलो असं त्याच्या मनाने घेतलं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून सोनेरी टोकांची महागडी एचडीएमआय केबलही घेऊन झाली. फरक शून्य. रविवारी किलवणी नाक्यावरून मी आमलीला त्याच्या खोलीवर गेलो, तेव्हा कन्सोल पुन्हा खोक्यात भरून ठेवलेला होता.

कन्सोलमध्ये काही बिघाड नव्हता. केबलमध्येही नव्हता. कन्सोलने पाठवलेल्या चित्रात टीव्ही हात घालत होता, आणि तो तसा बहुतेक घरांत घालतो. आजचा सगळा भाग त्या एका गोष्टीवर आहे.

भिंतीवरचा टीव्ही ३२ इंची, "एचडी रेडी" लिहिलेला. आपल्याकडे चाळीत, भाड्याच्या खोलीत, दुकानात हाच टीव्ही जास्त दिसतो. त्याच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. टीव्ही-गेमच्या दुनियेत मात्र ७६८ नावाचं मापच नाही. कन्सोल एक तर ७२० ओळींचं चित्र पाठवतो, नाही तर १०८० ओळींचं. ७२० आणि ७६८ यांचा भागाकार केला तर नेमकं १५ ला १६ असं प्रमाण येतं. म्हणजे कन्सोलने पंधरा ओळींची रांगोळी दिली आणि अंगणात ठिपके सोळा ओळींचे आहेत.

रांगोळी काढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, पुढे काय होतं ते ती सांगेल. रेघ ठिपक्यावरून जातच नाही, दोन ठिपक्यांच्या मधून जाते. टीव्हीला तर मधून जायची सोय नाही, त्याला प्रत्येक ठिपक्यात रंग भरावाच लागतो. मग तो शेजारच्या दोन ओळींचे रंग मिसळून भरतो. काळ्या जमिनीवर पांढरं अक्षर असेल तर कडेला करडा रंग येतो. डोंगर, आकाश, मैदानावरचं गवत यांत हे खपून जातं. अक्षरात आणि आकड्यात लगेच दिसतं, म्हणून पुसटपणाची तक्रार नेहमी "वाचता येत नाही" इथूनच सुरू होते.

आता कापल्या जाणाऱ्या आकड्याचं. ही खोड फार जुनी आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, देशात रंगीत चित्र १९८२ मध्ये आलं. त्या प्रक्षेपणात ६२५ ओळी असायच्या, पैकी चित्राच्या ५७६. काचेच्या नळीचा टीव्ही चित्राच्या कडा सरळ धरू शकत नसे. व्होल्टेज कमी झालं की चित्र आकसायचं. काळी पट्टी दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र थोडं मोठं करून चौकटीबाहेर ढकललेलं असे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. नळी गेली, सपाट पडदा आला, त्याच्या कडा जन्मतःच सरळ, तरी ही सवय टीव्हीच्या सेटिंगमध्ये राहिली. प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापलं तर ७२० पैकी ६८४ ओळी उरतात. त्या ताणून ७६८ वर बसवायच्या. म्हणजे कडेचा आकडाही गेला आणि उरलेलं चित्रही आणखी पातळ झालं.

भाच्याने यावर स्वतःचा उपाय केलेला होता. कन्सोलच्या सेटिंगमध्ये "डिस्प्ले एरिया" असतो, तिथे जाऊन त्याने चित्र आत ओढलं होतं. आकडा दिसला, पण धूसरपणा वाढला. वाढणारच. कन्सोलने चित्र लहान केलं, टीव्हीने तेच पुन्हा मोठं केलं, दोन्ही वेळा रंग मिसळले. सुरुवात नेहमी टीव्हीपासून करायची. रिमोटवर "पिक्चर साइज" किंवा "आस्पेक्ट" शोधा. तिथे १६:९ च्या पलीकडे एक पर्याय असतो. कुठे "जस्ट स्कॅन", कुठे "स्क्रीन फिट", कुठे "फुल पिक्सेल", "डॉट बाय डॉट" किंवा नुसतं "१:१". नाव काहीही असो, अर्थ एकच, कडा कापू नकोस. ते झालं की कन्सोलमधला डिस्प्ले एरिया पुन्हा पूर्ण उघडायचा. आम्ही तेवढं केलं आणि गोळ्यांचा आकडा कोपऱ्यात अख्खा उभा राहिला. भाच्याने उठून पडद्याजवळ जाऊन पाहिला.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली नव्हती, मला खेळायला बसल्यावर कळली. बटण दाबलं की माणूस क्षणभर उशिरा उडी मारत होता. भाच्याला वाटायचं हात बसलेला नाही. हात बसलेला होता. टीव्ही प्रत्येक चित्र आधी स्वतःकडे ठेवून घेतो, त्यातली खरखर काढतो, दोन चित्रांच्या मध्ये स्वतः तिसरं बनवून घालतो म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी, आणि मग दाखवतो. सिनेमाला याने बिघडत नाही, आवाजही तेवढाच मागे ठेवला की झालं. खेळात मात्र बोट आणि डोळा यांच्यामध्ये हा वेळ जातो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही सहा चित्रं जुनं जग बघून खेळताय.

याचा धडधडीत पुरावा आमच्या पिढीच्या माळ्यावर पडलेला आहे. नव्वदच्या दशकात "लिटल मास्टर", "मीडिया" अशा नावांचे कॅसेटवाले गेम घरोघरी आले. मूळ यंत्र निन्टेंडोचं, १९८३ मध्ये जपानात निघालेलं. आपल्याकडची बरीचशी त्याची नक्कल. त्यासोबत बदकं मारायची बंदूक मिळे. घोडा दाबला की पडदा एका चित्रापुरता काळा होई आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा डोळा तो चौकोन दिसतो का बघे. ठरलेल्या क्षणी दिसला तर बदक पडे. नळीच्या टीव्हीवर हा हिशोब जुळायचा, कारण तिथे सिग्नल येताक्षणी पडद्यावर उमटायचा. तीच बंदूक आजच्या सपाट टीव्हीसमोर धरून बघा, एकही बदक पडणार नाही. पांढरा चौकोन उशिरा येतो आणि तोवर यंत्राची वेळ टळलेली असते. ओळीमागून ओळ अशी उजळत जाण्याची नळीची जी चाल बंदूक हेरायची, तीही या पडद्यात नाही.

उपाय एका बटणाचा. चित्राच्या मेनूमध्ये "गेम मोड". तो लावला की टीव्ही ही मधली कामं सोडून देतो. काही टीव्हींवर असा मोड नसतो. तिथे त्या एचडीएमआयचं नाव बदलून "पीसी" ठेवलं तरी काही कंपन्यांचे टीव्ही त्याला कॉम्प्युटर समजून चित्रात ढवळाढवळ कमी करतात. गेम मोडमध्ये चित्र पहिल्यांदा जरा फिकं वाटतं. दोन दिवस द्या. दुकानात दहा टीव्हींमध्ये आपला उठून दिसावा म्हणून कारखान्यातून "व्हिव्हिड" लावून पाठवतात, आपल्या डोळ्याला त्याची चटक लागलेली असते.

मग ७२० पाठवायचं की १०८०? एचडी रेडी टीव्हीसाठी याचं उत्तर कन्सोलप्रमाणे बदलतं. प्लेस्टेशन ३ चे बहुतेक खेळ ७२० किंवा त्याहून कमी ओळींवरच रंगवलेले असतात, तिथे ७२० ठेवा, म्हणजे ताणाताण एकदाच होते. प्लेस्टेशन ४ चे पुष्कळ खेळ १०८० वर बनतात. त्याला ७२० सांगितलं तर तो आधी स्वतः आकसवतो आणि टीव्ही पुन्हा फुगवतो. १०८० च जाऊ द्यावं, टीव्ही ते एकदाच ७६८ वर आणतो. टीव्ही १०८० घेत नसेल तर इलाज नाही. या त्रासातून सरळ सुटका देणारा एकच कन्सोल मला माहीत आहे, २००६ मध्ये आपल्याकडे आलेला एक्सबॉक्स ३६०. त्याला व्हीजीए केबल लावली की सेटिंगमध्ये १३६०×७६८ असं माप निवडता येई, आणि टीव्हीच्या मागच्या पीसीच्या भोकातून चित्र ठिपक्याला ठिपका बसे. जुन्या बाजारात तो आणि ती केबल मिळाली, तर ३२ इंची टीव्हीवर ते चित्र बघण्यासारखं असतं.

इथवर आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, अक्षरांना पांढरी कड दिसतेय. सावलीसारखी." मला ती दिसली नव्हती. दिवसभर बॉबिनवर तुटलेला फिलामेंट शोधणारी नजर ती. रिमोट घेतला, "शार्पनेस" ७० वर होता. या सेटिंगने चित्रात नवा तपशील येत नाही. गडद आणि उजळ रंग जिथे भेटतात तिथे टीव्ही आणखी गडद आणि आणखी उजळ रेघ ओढतो, म्हणून लांबून रेखीव वाटतं. जवळून ती पांढरी कड. बहुतेक टीव्हींवर हा आकडा शून्याजवळ आणावा. काही कंपन्यांत मधला आकडा म्हणजे "काही करू नको" असतो. अक्षराकडे बघत एकेक घर खाली यायचं, कड गेली की थांबायचं. भाच्याने २० वर थांबवलं.

अंधाऱ्या गुहेत काहीच दिसत नसेल, किंवा उलट काळा रंग राखेसारखा दिसत असेल, तर कन्सोलमधली "आरजीबी रेंज" बघा. टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. कॉम्प्युटरच्या जगात काळा ० आणि पांढरा २५५. एकाने एका मापाने दिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या मापाने घेतलं की काळोख एक तर गिळला जातो, नाही तर धुऊन निघतो. "ऑटोमॅटिक" वर बहुतेक वेळा जुळतं. नाही जुळलं तर टीव्हीला "लिमिटेड", मॉनिटरला "फुल".

केबलवर पैसे घालवू नका, हे मला मोठ्याने सांगायचंय. पिवळ्या पिनेच्या जुन्या एव्ही वायरीत उजेड आणि रंग एकाच तारेतून एकमेकांत मिसळून यायचे, तिथे बऱ्या-वाईट वायरीने चित्र बदलायचं. एचडीएमआयमधून आकडे जातात. आकडा पोहोचला तर पूर्ण पोहोचतो. नाही पोहोचला तर पडद्यावर चमचमते ठिपके येतात, चित्र जातं-येतं किंवा पूर्ण काळं होतं. "रंग थोडे फिके" असा दोष केबलचा नसतो. १०८० साठी दीड-दोन मीटरची साधी हायस्पीड केबल पुरते. ४के टीव्ही आणि २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे आलेला प्लेस्टेशन ५ असेल तेव्हा मात्र केबलवरचं लेबल वाचा. ४के ला सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळपास १८ गिगाबिट, त्याला "प्रीमियम हायस्पीड" हवी. १२० चित्रांसाठी "अल्ट्रा हायस्पीड", कन्सोलसोबत येते तीच वापरा. ४के टीव्हीवर आणखी एक अडचण असते. मागची सगळी भोकं सारखी नसतात, आणि ज्यात पूर्ण ताकद आहे त्यावरही ती मेनूतून चालू करावी लागते. एलजीवर "अल्ट्रा एचडी डीप कलर", सॅमसंगवर "इनपुट सिग्नल प्लस", सोनीवर "सिग्नल फॉरमॅट".

भाच्याने विचारलं, मग टीव्ही बदलू का? एकट्याने खेळायचं आणि जवळ बसायचं असेल तर बदलायची वस्तू टीव्ही नाही, मॉनिटर. २२-२४ इंची साध्या मॉनिटरवरही १९२०×१०८० ठिपके असतात. प्लेस्टेशन ४ जेवढे पाठवतो तेवढेच, ओळीला ओळ. कडा कापणं नाही, मधली कामं नाहीत, त्यामुळे उशीरही नाही. अडचण आवाजाची. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतो. पीएस४ च्या रिमोटलाच, म्हणजे कंट्रोलरला, खाली हेडफोनची जागा आहे. सेटिंगमध्ये "ऑल ऑडिओ" केलं की सगळा आवाज तिथे येतो. रात्रपाळीवरून आलेला पार्टनर खोलीत झोपलेला असतो, त्यालाही ते बरं.

जुना कन्सोल घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. आधीच्या मालकाने ठेवलेलं माप तुमचा पडदा घेत नसेल तर घरी आणल्यावर पडदा काळाच राहतो आणि वस्तू मेलेली वाटते. कन्सोल पूर्ण बंद करा. पॉवरचं बटण दाबून धरा. पहिला बीप वाजेल, सोडू नका. साधारण सात सेकंदांनी दुसरा बीप वाजला की सोडा. कंट्रोलर यूएसबी वायरीने जोडा. साध्या अक्षरांची यादी येईल, त्यात दुसरा पर्याय रिझोल्यूशन बदलण्याचा. आणि जोडणी करताना दोन्हींचे स्विच बंद ठेवा. टीव्हीला केबलची किंवा डिशची वायर असेल तर पावसाळ्यात गडगडायला लागताच तीही काढा. इकडच्या पावसात त्या वायरीतून येणारा झटका एचडीएमआयचं भोक घेऊन जातो.

निघताना भाच्याला सांगितलं, हे सगळं सेटिंग एचडीएमआय २ पुरतंच आहे. उद्या कन्सोल एकमध्ये खोचलास आणि सेट-टॉप बॉक्स दोनमध्ये, तर पहिल्यापासून करावं लागेल. त्याने कामावरच्या शर्टाच्या खिशात हात घातला, लॉट नंबर टाकायच्या स्टिकरचा कागद काढला, एकावर पेनाने "गेम" लिहिलं आणि टीव्हीमागे वाकून दोन नंबरच्या भोकाशेजारी चिकटवलं. पाळीला जायला तासभर होता. त्याने कन्सोलचं रिकामं खोकं पलंगाखाली सरकवलं आणि खेळायला बसला.