बंदरावर एक दिवस : आधी हिशोब, मग सफर

धुळ्याच्या एका उर्दू शाळेतून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ सहकारी गेल्या महिन्यात घरी आले. त्यांची मुलगी आणि जावई परदेशात असतात. त्यांनी आईवडिलांसाठी भूमध्य समुद्रातल्या जहाजाच्या सफरीचं तिकीट काढलंय. सात-आठ दिवसांची सफर, रोज नवं बंदर. सरांनी घडी घातलेला कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि एका नावावर बोट ठेवलं : मालागा. स्पेन. जहाज सकाळी आठला लागणार, संध्याकाळी सहाला सुटणार.

"इथून कुर्तुबा किती लांब? एका दिवसात होतं का?" एवढंच त्यांना विचारायचं होतं.

आम्ही स्पेन पाहिलेलं नाही. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत मुंबई-गोवा जहाजाने जाऊन आलो होतो, आणि बंदरावर मिळालेल्या एका दिवसासाठी घरात जो वाद झाला तो नातेवाइकांत पुरेसा गाजला होता. सर त्याच भरवशावर आले होते.

खरं म्हणजे हा प्रश्न जळगावकरांना नवा नाही. आपलं स्टेशन हेसुद्धा एका अर्थाने बंदरच आहे. सकाळच्या गाडीने परदेशी पाहुणे उतरतात, सामान स्टेशनवर ठेवतात, साठेक किलोमीटरवरचा अजिंठा पाहतात आणि रात्रीची गाडी पकडतात. ज्यांनी आधी चौकशी केलेली असते त्यांना दिवस पुरतो. ज्यांनी केलेली नसते ते सोमवारी येतात, आणि सोमवारी लेणी बंद असतात. काही जणांना फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी सोडून लेण्यांपर्यंत दुसऱ्या बसने जावं लागतं हेच ठाऊक नसतं, त्यात त्यांचा वेळ जातो. रिक्षात कपाळाला हात लावून बसलेले असे पाहुणे आपण सगळ्यांनी पाहिलेत. बंदरावर उतरल्यावर आपलीही तीच गत होऊ शकते. फरक एकच. चुकलेल्या रेल्वेच्या मागून दुसरी रेल्वे येते.

आमच्या घरात जहाजाचं वेड तसं जुनं. आमचे नाना हजला जहाजानेच गेले होते. खान्देशातले हाजी तेव्हा रेल्वेने मुंबईला जात, मुसाफिरखान्यात मुक्काम करत आणि मुगल लाइनच्या जहाजाने जेद्दाहला निघत. १९९५ साली भारतातून समुद्रमार्गे हज बंद झाला. नानांची पत्र्याची पेटी अजून अम्मीच्या पलंगाखाली आहे. तेव्हा 'जहाज' हा शब्द निघाला की अम्मीचे कान टवकारतात. पण सफरीचा बेत ठरला तेव्हा तीच म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझे गुडघे आणि ते जहाज, जमायचं नाही."

तिला तयार करायला पंधरा दिवस लागले. धुळ्याची आपा आणि दुल्हाभाई, आम्ही दोघं, आमची दोन मुलं आणि अम्मी अशी सात माणसं झालो. नातेवाइकांनी टोकलंही, की त्या जहाजावर दारू असते, जुगार असतो. असतो. मुंबईत रस्त्याने चालतानाही दोन्ही दुकानं दिसतात, आपण वळून जातो. तिथेही तसंच केलं. जेवणाचं मात्र बुकिंगच्या वेळीच लेखी विचारून घ्यावं. हलालची खात्री नसेल तिथे शाकाहारी जेवावं, आणि सोबत कळण्याच्या पिठाचे खाकरे न्यावेत. आम्ही नेले होते, तिसऱ्या माणसाला पुरले नाहीत.

आता वादाचं मूळ. जहाज मुरगाव बंदरात सकाळी नऊला लागणार आणि संध्याकाळी सहाला सुटणार, असं कागदावर होतं. दुल्हाभाईंनी नऊ तासांचा बेत आखला : जुने गोवे, पणजी, काजूची खरेदी. मुलांना समुद्रात डुंबायचं होतं. आपाला मंगेशीच्या बाजूची हिरवीगार शेतं आणि बागा बघायच्या होत्या. सगळ्यांनी आपापलं सांगितलं. अम्मी गप्प. तिच्याविषयी सगळ्यांनी आपापसात ठरवूनच टाकलं होतं की ती जहाजावर आराम करेल.

आम्ही पाटीवर हिशोब मांडला, शाळेत मांडतो तसा. नऊला जहाज लागतं म्हणजे नऊला माणूस उतरत नाही. आधी कागदपत्रं, मग रांग. आम्ही प्रत्यक्षात दहा वाजून वीस मिनिटांनी जमिनीवर पाय ठेवला. सहाला सुटतं म्हणजे सहाला येऊन चालत नाही. सगळ्यांनी पाचला आत असावं असा आदेश होता. त्या पाचच्याही आधी सव्वा तास आमचा स्वतःचा. घाटात ट्रक आडवा झाला, टायर फुटलं, अम्मीला भोवळ आली, तर त्यासाठी. म्हणजे पावणेचारला बंदराच्या दारात. नऊ तासांचे उरले साडेपाच.

दुल्हाभाईंचा फेरा वास्को, बोरीचा पूल, फोंडा, जुने गोवे, पणजी, जुवारीचा पूल आणि परत वास्को असा होता. सुमारे ९५ किलोमीटर. गोव्याचे रस्ते अरुंद, वळणाचे, वस्तीतून जाणारे. त्यात तीन तास गेले असते. उरलेल्या अडीच तासांत तीन ठिकाणं, जेवण आणि नमाज. प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा आणि चढायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढ-उतारच सगळ्यात जड जाते, चालणं नव्हे.

तेव्हा कोणीतरी अम्मीला विचारलं, "तुला काय बघायचंय?"

ती म्हणाली, "फोंड्याला एक मशीद आहे म्हणतात. आदिलशाहीतली."

साफा मशिदीविषयी तिने कधी, कुठे वाचलं होतं कोण जाणे. ही मशीद १५६० साली बांधली गेली. फोंडा परिसरात त्या काळी सत्तावीस मशिदी होत्या, त्यातली ही एकच टिकली असं सांगतात. पोर्तुगिजांनी १५१० साली आदिलशहाकडून गोवा शहर घेतलं, पण फोंडा त्यानंतरही बराच काळ त्यांच्या हाताबाहेर होतं. म्हणून हे बांधकाम उभं राहू शकलं. आज ती पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. गावापासून दोनेक किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेलाच.

मग आम्ही जुने गोवे कापलं, पणजी कापली. दुल्हाभाई दोन दिवस बोलले नाहीत. काजू काय मुंबईतही मिळतात, हे आपाने सांगितल्यावर तर अजिबातच नाही.

बंदराबाहेर टॅक्सीवाल्यांशी घासाघीस झाली. मुंबईसारखी मोबाईलवरची टॅक्सी गोव्यात सहज मिळेल असं धरून चालू नये. शक्य असेल तर आधीच कोणाच्या ओळखीने गाडी ठरवावी आणि दर संपूर्ण दिवसाचा, थांबण्यासकट बोलावा. आम्ही आठ आसनी गाडी ठरवली होती, तरी ती पंचवीस मिनिटं उशिरा आली. कुठे आहात विचारलं की "पोचलोच". हे उत्तर धुळ्यापासून गोव्यापर्यंत सारखंच आहे.

फोंड्याला बारा वाजता पोचलो. मशीद लहान आहे, कौलारू उतरतं छप्पर, जाड भिंती. पण नजर अडकते ती शेजारच्या तलावावर. जांभ्या दगडात कोरलेला चौकोनी हौज, पायऱ्या, आणि पाण्याच्या कडेने भिंतीत मेहराबीच्या आकाराच्या कमानी. पाणी हिरवं, शांत. मुलांनी पोहायचं म्हणून हट्ट धरला, तो मोडून काढावा लागला. साडेबाराच्या आत जुहरची वेळ लागली. आम्ही जळगावहून दुमडता येणारी छोटी खुर्ची नेली होती. प्रवासातल्या वस्तूंत तिचा क्रमांक पहिला लावू. अम्मीने झाडाच्या सावलीत खुर्चीवर बसून नमाज पढली. मुसाफिराला चार फर्जांच्या जागी दोन, त्यामुळे कसर केली. सलाम फेरल्यावरही ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. दुल्हाभाईंनी घड्याळ दाखवलं, आम्ही मान हलवून नको म्हटलं. तो वेळ हिशोबात धरलेला नव्हता, मुलांच्या समुद्रातून कापला गेला.

मुलांना बोगमाळोच्या किनाऱ्यावर जेमतेम अर्धा तास मिळाला. ती अजून ऐकवतात. चार वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही बंदराच्या दारात होतो, पाच मिनिटं उशिरा. पाच वाजून गेल्यावर एक कुटुंब पिशव्या सांभाळत धावत आलं. त्यांना घेतलं, पण त्यातल्या आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. जहाजानेच नेलेली सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. स्वतःच्या गाडीने गेलेल्यांसाठी थांबत नाही. स्वतः जाणं स्वस्त पडतं आणि मनाजोगं होतं, पण ती जोखीम आपली. जहाजाचं कार्ड, आधार आणि बंदरातल्या एजंटचा नंबर, तोही कागदावर लिहिलेला, घरातल्या मोठ्या प्रत्येकाच्या खिशात हवा. एकाच्याच पिशवीत सगळ्यांचे कागद ठेवायची आपली सवय इथे महागात पडते.

आता सरांचं मालागा.

बंदराचं नाव आणि गावाचं नाव यात फसू नये, हे पहिलं. भूमध्य समुद्राच्या सफरीत कागदावर 'रोम' लिहिलेलं असतं. जहाज लागतं चिवितावेकियाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नोचं बंदर, तिथूनही तेवढंच किंवा जास्तच. उलट इस्तंबूलचं गलाताचं बंदर शहराच्या पोटातच आहे. ट्रामने पूल ओलांडला की सुलतान अहमद मशिदीजवळ पोचतो. मालागाही तसंच, बंदरातून चालत गावात जाता येतं, आणि डोंगरावर अकराव्या शतकातला मुस्लिम राजवटीचा किल्ला आहे, अल्काझाबा. पण कुर्तुबा आणि गर्नाता दोन्ही आत, दूर.

मुलीचं म्हणणं होतं गर्नात्याला जावं, अलहमरा बघावा. जहाजाचीच सहल आहे, काळजी नाही. सरांना कुर्तुबाच हवं होतं. इकबालची 'मस्जिद-ए-कुर्तुबा' त्यांनी वर्गात इतकी वर्षं शिकवली. १९३३ साली इकबाल तिथे गेले, त्यांनी आत नमाज अदा केल्याचंही सांगितलं जातं. सरांना ते ठिकाण एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, बस.

हिशोब मांडला. गर्नाता रस्त्याने सव्वाशे-तीस किलोमीटर, बसने पावणेदोन तास. अलहमराच्या आतल्या महालांत तिकिटावर छापलेल्या वेळेलाच सोडतात, आणि तिकिटं खूप आधी संपतात. बघायला तीन तास तरी हवेत, चढही आहे. सरांचं मागे हृदयाचं ऑपरेशन झालंय. कुर्तुबा अंतराने जास्त, पण वेगवान रेल्वेने मालागाहून एक तास. स्टेशनपासून मशीद दोन किलोमीटरच्या आत, सपाट रस्ता. पावणेनऊला उतरले आणि सव्वादहाच्या सुमाराची गाडी मिळाली तर पावणेबाराला मशिदीच्या दारात. दोन तास आत. परतीची गाडी शक्यतो अडीच-पावणेतीनची. तिच्यानंतरचीही एक गाडी हाताशी असली पाहिजे, शेवटच्या गाडीवर बेत बांधायचा नाही. सव्वाचार, साडेचारला बंदरात. जमतं. मात्र त्या दिवशी दुसरं काही नाही. रेल्वे रद्द झालीच तर अल्काझाबा पाहायचा आणि जहाजावर परतायचं, हे आधी ठरवून ठेवायचं, स्टेशनवर भांडत नाही. रविवारी सकाळी आत प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांची वेळ बदलते. वार तपासून घ्या म्हटलं. आणि जहाज मध्ये मोरोक्को किंवा तुर्कस्तानला जाऊन पुन्हा युरोपात येणार असेल तर व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा हवा, हे मुलीला आजच विचारा.

सरांनी सगळं लिहून घेतलं. मग चष्मा काढला. "तिथे दोन रकात पढता येतील का?"

नाही. अब्दुर्रहमान पहिला याने आठव्या शतकात सुरू केलेली ती वास्तू १२३६ पासून चर्च आहे. मुसलमानांना आत नमाज पढायची परवानगी नाही. पहारेकरी लक्ष ठेवून असतात. म्हाताऱ्या माणसाला परक्या देशात कोणी हटकावं, तेही त्या जागी, हे आम्हाला नको वाटलं, म्हणून स्पष्ट सांगितलं.

सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. आम्ही चहा आणायला आत गेलो. परत आलो तर त्यांनी विचारलं, तिथे जुहर किती वाजता लागते? उन्हाळ्याच्या घड्याळाप्रमाणे तिथे दुपारी दोननंतर लागते. म्हणजे ते मशिदीतून बाहेर पडून स्टेशनकडे निघालेले असतील.

"गाडी पावणेतीनची म्हणता. मग फलाटावर वीस मिनिटं मिळतात," ते म्हणाले. "तुमची ती खुर्ची द्या."

खुर्ची अम्मीने स्वतः आणून दिली. सरांनी कागदाच्या कोपऱ्यात किब्ल्याचा बाण काढला, नेहमीच्या सवयीने पश्चिमेकडे. मग खोडला. स्पेनमधून मक्का पूर्वेला.