ऑनलाइन खरेदी : माल स्वस्त, भाडे महाग



शेतीला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू मोबाईलवरून मागविण्याची पद्धत हल्ली आपल्या कार्यक्षेत्रात चांगलीच रूढ झाली आहे. पंपाचे बेअरिंग, इंजिनाचे गॅस्केट, ठिबकचे जोड, रोपांचे ट्रे, कोकोपीट, काहीही पाहिजे असले की घरातलं पोरगं मोबाईल काढतं आणि दोन मिनिटांत ऑर्डर जाते. यात गैर काहीच नाही. चार ठिकाणचे भाव घरबसल्या कळतात आणि तालुक्याच्या दुकानदाराने सांगितलेला भाव वाजवी आहे की नाही हेही पडताळून पाहता येते.

परंतु गट कार्यालयात आमच्या कानावर येणाऱ्या तक्रारीही वाढल्या आहेत. "साहेब, वस्तू १२० रुपयांची आणि भाडं ९५ रुपये, हा कुठला न्याय?" "हलके ट्रे मागवले तर १४ किलोचं भाडं लावलं." "पार्ट बसला नाही, परत पाठवायचं भाडंही आमच्याच माथी." या तक्रारी खऱ्या आहेत. म्हणून हे भाडे कसे ठरते, कुठे कमी करता येते आणि कायदा आपल्याला काय देतो याची माहिती येथे देत आहोत.

भाडे कोणीतरी देतोच

वाहतुकीचा हिशेब ऊस उत्पादकाला नवा नाही. उसाची एफआरपी ही कारखान्याच्या गेटवरची किंमत असते. शेतातून गेटपर्यंत ऊस आणण्याचा खर्च, म्हणजे तोडणी-वाहतूक, त्यातून वजा होतो. पावती हातात पडली की आपण सगळे आधी तोच आकडा पाहतो. बहुतेक कारखान्यांत हा खर्च सर्वांचा एकत्र करून सरासरीने कापतात. त्यामुळे गेटजवळचा सभासद म्हणतो, "लांबच्याचं भाडं मी का भरू?" आणि लांबचा म्हणतो, "कारखाना माझाही आहे." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे.

उलट उदाहरण युरियाचे. ४५ किलोच्या गोणीचा दर १ मार्च २०१८ पासून २४२ रुपये आहे. नीम-कोटिंगचा आकार आणि कर त्यावर वेगळे. गोणी बंदराजवळच्या गावात घ्या की डोंगराकडेच्या वाडीत, सरकारी दर तोच. याचा अर्थ रेल्वेने आणि ट्रकने युरिया फुकट आणला असा नाही. ते भाडे केंद्र सरकार अनुदानातून भरते म्हणून आपल्या पावतीवर दिसत नाही.

ऑनलाइन दुकानाचे "मोफत घरपोच" हे याच जातीचे असते. ते भाडे एकतर मालाच्या किमतीत मिसळलेले असते, नाहीतर शहरातल्या आणि गावातल्या गिऱ्हाइकांवर सरासरीने वाटलेले असते. काही ठिकाणी अमुक रकमेच्या वर खरेदी केली तरच भाडे माफ होते. मग तेवढी रक्कम भरून काढण्यासाठी आपण नको असलेली वस्तू घेतो. साठ रुपयांचे भाडे वाचविण्यासाठी दोनशे रुपयांची बिनकामाची वस्तू घरात आली, तर त्याला बचत कशी म्हणावी?

खडकीचे इंजिन आणि लांबचे गोदाम

आपल्या भागाला जवळचे असे उदाहरण घेऊ. पुण्याच्या खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. वीज शिवारात पोचण्याआधी विहिरीवर आणि नदीकाठी ज्या डिझेल इंजिनांनी पाणी उपसले, त्यांत खडकीचे नाव घराघरात माहीत होते. त्यातली जुनी इंजिने अजूनही काही सभासदांकडे आहेत. पूर्वी एखादा भाग मोडला तर पहाटेची एसटी धरून माणूस पुण्याला जायचा आणि मोडका भाग दुकानदाराच्या पुढ्यात ठेवून जोडीचा नवा घेऊन दिवेलागणीला परत यायचा. नाहीतर दुकानदाराला निरोप धाडायचा आणि पार्सल एसटीने यायचे.

आज त्याच इंजिनाचा भाग मोबाईलवर शोधला, तर स्वस्त दिसणारा विक्रेता दिल्लीकडचाही असू शकतो. पुणे आपल्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर. खडकीच्या इंजिनाचा पार्ट मात्र हजाराहून जास्त किलोमीटर प्रवास करून, तीन-चार गोदामांत चढउतार होऊन आपल्या दारात येतो. मोबाईलच्या पडद्यावर सगळी दुकाने शेजारी-शेजारी दिसतात, पण पार्सलला रस्ता तुडवावाच लागतो.

भाडे कसे आकारतात

पहिली गोष्ट, पिन कोडची. पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. खडकीचा पिन ४११००३. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले दोन मिळून उपविभाग, तिसऱ्याने टपाल-वर्गवारीचा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन त्या पोस्टाचे. ऑनलाइन दुकान हाच पिन पाहून भाडे आणि दिवस ठरविते. शहरात कुरिअरचा माणूस एका गल्लीत वीस पार्सले वाटतो. आपल्याकडे एका पार्सलसाठी दहा-बारा किलोमीटर मोटारसायकल घालावी लागते आणि परतताना पिशवी रिकामी असते. ऊस उतरवून रिकामी परत येणारी बैलगाडी जशी भाड्यात धरावी लागते, तसेच हे. म्हणून लांबच्या पल्ल्यापेक्षा तालुक्यापासून वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पाच पुष्कळदा महाग पडतो.

दुसरी गोष्ट, टप्प्याचे वजन. बहुतेक कुरिअरवाले अर्ध्या किलोच्या टप्प्याने भाडे घेतात. ५० ग्रॅमचा वॉशर असला तरी भाडे अर्ध्या किलोचे. सबब एक-एक वॉशर मागविणे हा सर्वांत महाग व्यवहार होय. शिवाय कुरिअरच्या आकारावर १८ टक्के जीएसटी असतो.

तिसरी गोष्ट, जागेचे वजन. ही फार थोड्यांना माहीत असते. हलका पण मोठा माल गाडीत जागा अडवितो, म्हणून कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि त्याला बहुधा ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि काट्यावरचे वजन यांत जे जास्त, त्याचे भाडे लावतात. रोपांच्या ट्रेचे खोके ६० × ४० × ३० सेंटिमीटरचे असेल तर गुणाकार ७२,००० येतो आणि ५००० ने भागल्यावर १४.४ किलो. आत माल चारच किलो असला तरी भाडे १४.४ किलोचे. उलट दाबलेल्या कोकोपीटची पाच किलोची वीट साधारण ३० × ३० × १२ सेंटिमीटरची असते. तिचे जागेचे वजन सव्वादोन किलोच्या आत, म्हणून तिला काट्याचे पाच किलोच लागतात. "हलक्या ट्रेला १४ किलो कसे?" याचे उत्तर हे आहे.

घरपोच पडतळ काढा

व्यापारी माल घेताना नुसता भाव पाहत नाही, पडतळ काढतो. आपणही तेच करावे. मालाची किंमत, भाडे, हाताळणीचा आकार, कर आणि परत पाठवावे लागल्यास लागणारे भाडे, एवढे मिळवून जो आकडा येतो तीच खरी किंमत.

समजा, मोबाईलवर गॅस्केट १२० रुपयांना आहे आणि भाडे ९५. घरपोच पडतळ २१५, माल येणार सहाव्या दिवशी. तालुक्यात तेच १९० ला मिळते आणि आज मिळते. (हे आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत.) पडद्यावर ७० रुपये स्वस्त दिसणारी वस्तू प्रत्यक्षात २५ रुपयांनी महाग पडली. कधी हिशेब उलटाही येईल. तेव्हा खुशाल ऑनलाइन घ्यावी. आमचे म्हणणे एवढेच की आधी बेरीज करावी, मग बटण दाबावे.

या बेरजेत एक रकम बिलावर कधीच येत नाही, ती म्हणजे दिवसांची. एप्रिल-मे मध्ये सुरू ऊस फुटव्याच्या जोमात असतो आणि जमिनीप्रमाणे आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी लागते. गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाने पंपाचे बेअरिंग बाहेरच्या राज्यातील एका विक्रेत्याकडून मागविले. आठव्या दिवशी आले ते वेगळ्याच नंबरचे. ते परत गेले, दुसरे यायला आणखी नऊ दिवस लागले. पैसे बुडाले नाहीत, पण दोन पाळ्या हुकल्या. कोवळे फुटवे करपले आणि पुढे तोडणीला त्या प्लॉटाने ते दाखवून दिले. जे बंद पडल्यावर पाणी थांबते असे सामान ऑनलाइन मागवायचेच असेल, तर ते हंगामाआधी मागवून कपाटात ठेवावे. पाणी थांबल्यावर मात्र थेट दुकान गाठावे.

मागविण्यापूर्वी

१. इंजिनावरील आणि मोटारीवरील पाटीचा फोटो काढून ठेवा. मॉडेल, हॉर्सपॉवर आणि नंबर जुळल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो वाचा.

२. पिन कोड आधी टाकून भाडे व पोचण्याची तारीख पाहा. कुरिअर वस्तीपर्यंत येत नसेल तर टपालाचा पर्याय आहे का ते बघा. देशात दीड लाखाहून अधिक पोस्ट ऑफिसे आहेत आणि त्यांतली बहुसंख्य खेड्यांत आहेत.

३. परत घेण्याची मुदत आणि परतीचे भाडे कोणाकडे, हे वाचा. आपल्या चुकीने मागविलेल्या वस्तूचे जाण्या-येण्याचे भाडे बहुधा आपल्यालाच पडते.

४. पार्सल फोडताना मोबाईलवर चित्रीकरण करा. पत्त्याची चिठ्ठी त्यात दिसली पाहिजे.

५. माल आल्यावर पैसे देण्याची सोय म्हणजे जुनी व्ही.पी.च होय. टपाल खात्याने ती १८७७ मध्ये सुरू केली. ती वापरा, पण मागवून पार्सल विनाकारण नाकारू नका. त्याचे दोन्ही वेळचे भाडे शेवटी भावात मिसळते आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर बसते.

६. उसाचे बेणे आणि जादूची म्हणून खपविलेली टॉनिके मोबाईलवरून घेऊ नका. को ८६०३२ म्हणून आलेली कांडी खरोखर तीच आहे हे फोटोवरून आम्हालाही सांगता येणार नाही. कीटकनाशक विकणाऱ्याला परवाना लागतो, तो ऑनलाइन असला तरी.

कायदा आपल्या बाजूने काय सांगतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ई-कॉमर्सचे नियम त्याच महिन्यात आले. या नियमांप्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवून तिची फोड, म्हणजे भाडे, हाताळणी, कर वगैरे, सांगितली पाहिजे. माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा कबूल मुदतीनंतर आला असेल, तर तो परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही; उशीर नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने झाला असेल तर गोष्ट वेगळी. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एका महिन्यात ती निकालात काढावी, असेही बंधन आहे.

सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर आकार चढविणे, न विचारता टोपलीत वस्तू घालणे, अशा तेरा क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. मराठीत बोलता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

एकट्याने मागवू नका

भाडे कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आपल्या हाडीमाशी मुरलेला आहे, तो म्हणजे एकत्र खरेदी. पाच फूट बाय दोन फुटांवर एकरी ४,३५६ रोपे बसतात. ५० कप्प्यांच्या ट्रेने हिशेब केला तर ८८ ट्रे लागतात. सांधणीची रोपे धरून शंभर समजा. शंभर ट्रे एकट्याने कुरिअरने मागविले तर भाडे जागेच्या वजनाचे. वीस जणांनी मिळून दोन हजार ट्रे एका टेम्पोने आणले तर तेच भाडे वीस घरांत वाटले जाते, खराब ट्रे तिथल्या तिथे बाजूला काढता येतात, आणि दोन हजाराच्या गिऱ्हाइकाला भावही वेगळा मिळतो.

म्हणून ट्रे, कोकोपीट, ठिबकचे सुटे भाग यांची मागणी सभासदांनी लागणीच्या दीड-दोन महिने आधी आपल्या गट कार्यालयात लेखी नोंदवावी. चिटबॉयकडे चिठ्ठी दिली तरी चालेल. यादी जमली की आम्ही तीन ठिकाणचे घरपोच भाव मागवून फळ्यावर लावू. त्यात ऑनलाइनचा भावही असेल आणि भाडे प्रत्येकात मिळविलेले असेल. तो पाहून कोणाकडून घ्यायचे हे गटातील सभासदांनीच ठरवावे.

— ऊस विकास अधिकारी