‘किती दिवस?’ आणि ‘कोणती गोळी?’

वर्धा जिल्ह्यात कुणाला कॅन्सर निघाला, की त्याची नोंद सेवाग्रामला होते. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत जिल्ह्याची कॅन्सर रजिस्ट्री चालते. जिल्ह्याचे आठही तालुके तिच्यात येतात, त्यात आष्टीही आली. पुरुषांत तोंडाचा आणि बायकांत स्तनाचा कॅन्सर इथे पुढे आहे. खर्‍याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, मुलखात पहिल्याचं नवल वाटायला नको. फुप्फुसाचा कॅन्सर त्या मानाने कमी, पण निघतो तो बहुधा उशिरा. खोकला, वजन उतरणं, एक्स-रेवर डाग, एवढ्यावरून आपल्याकडे पहिला संशय टीबीचा येतो. त्यात चूक काही नाही, टीबी आहेच एवढा. पण थुंकीत जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्यांवर महिने निघून जातात, आणि छातीत पाणी झाल्यावर माणूस वर्ध्याला किंवा नागपूरला पोचतो. तोवर रोग चौथ्या स्टेजला गेलेला असतो.

मग घरचे विचारतात, ‘किती दिवस हायेत जी?’

2002 साली या प्रश्नाचं उत्तर जवळपास ठरलेलं होतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. फुप्फुसाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या हजाराहून अधिक रुग्णांवर केमोच्या चार वेगवेगळ्या जोड्या वापरून पाहिल्या होत्या. चारही सारख्याच निघाल्या. अर्धे रुग्ण आठ महिन्यांच्या आत गेले. डॉक्टरने कोणतीही जोडी निवडली तरी फरक पडत नव्हता, कारण सगळ्यांचा आजार एकच आहे असं धरून उपचार चालले होते.

तो एकच नव्हता, हे 2004 मध्ये कळलं. गेफिटिनिब नावाची गोळी जपानमध्ये 2002 पासून बाजारात होती. बहुतेकांना तिचा उपयोग होत नसे. थोड्यांच्या मात्र छातीतली गाठ काही आठवड्यांत विरून जाई. कुणाची आणि का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. बोस्टनच्या संशोधकांनी या दोन्ही तर्‍हांच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. गोळी लागू पडलेल्या 9 जणांपैकी 8 जणांच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात बदल सापडला. लागू न पडलेल्या 7 जणांत एकाच्याही नाही. रुग्ण मोजून सोळा, पण फुप्फुसाच्या कॅन्सरचा उपचार तिथून पालटला.

ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. बाहेरून वाढीचा निरोप आला की ते आत कळवतं, निरोप थांबला की गप्प बसतं. 1,210 अमिनो आम्लांची ही साखळी. तिच्यातल्या 858व्या जागेचा डीएनए संकेत सीटीजी असा असतो. मधल्या टीच्या जागी जी आला, तर ल्युसिनऐवजी आर्जिनिन बसतं आणि निरोप आलेला नसतानाही प्रथिन ‘वाढा, वाढा’ म्हणत राहतं. रिपोर्टवर हा बदल ‘एल858आर’ असा लिहिलेला असतो. दुसरा नेहमी आढळणारा बदल म्हणजे त्याच जनुकाच्या 19व्या तुकड्यातला छोटासा भाग गळून पडणं. दोन्हींत गाठ त्या एका प्रथिनाच्या जिवावर जगते. म्हणूनच ते बंद पाडणारी गोळी इतकी परिणामकारक ठरते.

‘जनुकातला बदल’ म्हटल्याबरोबर घरात दुसरीच धास्ती शिरते. मुलांना होईल का? मुलीच्या लग्नात अडचण येईल का? हा बदल आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जात नाही. तो त्या माणसाच्या फुप्फुसातल्या एका पेशीत, जन्मानंतर कधीतरी घडलेला असतो. रिपोर्ट गाठीचा असतो, घराण्याचा नव्हे. अपवाद आहेत, पण फार विरळा. ‘रिपोर्ट गाठीचा, घराण्याचा नव्हे’ हे वाक्य तो हातात देतानाच सांगायला हवं. घाईच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं.

गाठीतला ईजीएफआरचा बदल ही एक खूण. तिचा उपयोग काय, हे 2009 साली पूर्व आशियातल्या ‘आयपास’ या चाचणीने स्पष्ट केलं. ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचा बदल होता, त्यांतल्या 71 टक्के रुग्णांची गाठ गेफिटिनिबने आटली. केमोने 47 टक्क्यांची. बदल नसलेल्यांत गेफिटिनिबचा उपयोग झाला जेमतेम एका टक्क्याला, केमोचा मात्र 23 टक्क्यांना. गोळी तीच. एकाला ती केमोहून सरस, आणि दुसर्‍याला देणं म्हणजे हातातला वेळ दवडणं. काही खुणा फक्त भविष्य सांगतात. उदाहरणार्थ, ईजीएफआरच्या जोडीला टीपी53 हे जनुकही बिघडलेलं असेल, तर रोग लवकर उलटण्याची शक्यता जास्त. ईजीएफआरची खूण औषध सुचवते, आणि औषध बदललं की भविष्यही बदलतं. म्हणून ‘किती दिवस?’च्या आधी ‘कोणती गोळी?’ विचारायला हवं, असं मला वाटतं. पहिल्याचं उत्तर पुष्कळसं दुसर्‍यावर अवलंबून आहे.

आपल्याकडे ही खूण कितीजणांत असते? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2013 मध्ये 907 भारतीय रुग्णांचा अभ्यास छापला. सगळे अॅडेनोकार्सिनोमाचे, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराचे. त्यांत 23 टक्क्यांना ती होती. युरोपीय वंशाच्या लोकांहून जास्त, जपानी-चिन्यांहून कमी. त्याच रुग्णालयाच्या आधीच्या एका पाहणीत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 489 रुग्णांपैकी निम्म्याहून थोडे अधिक कधीच बिडी-सिगारेट न ओढलेले निघाले. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला ‘हा कॅन्सर ओढणार्‍यांचा’ असं सांगून घरी पाठवणं म्हणूनच धोक्याचं. ईजीएफआरचा बदल न ओढणार्‍यांत आणि बायकांत जास्त सापडतो. ओढणार्‍यांत केआरएएस या दुसर्‍या जनुकातला बदल जास्त. पण अंदाजाने कुणाला वगळू नये. अॅडेनोकार्सिनोमा निघाला की तपासणी सगळ्यांची.

टाटातल्याच डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकार्‍यांनी पुढचं पाऊल टाकलं. ईजीएफआरचा बदल असलेले 350 रुग्ण घेतले. निम्म्यांना नुसतं गेफिटिनिब, निम्म्यांना त्याच्या जोडीला केमो. रोग पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा मध्यक काळ पहिल्या गटात 8 महिने, दुसर्‍यात 16. त्रासही दुप्पट झाला: गंभीर दुष्परिणाम 25 टक्क्यांवरून 51 टक्क्यांवर गेले. मध्यक म्हणजे मुदत नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. अर्धे रुग्ण त्या आकड्याच्या पुढे गेलेले असतात. मला या प्रयोगातली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की त्यातली औषधं भारतात जेनेरिक रूपात मिळणारी होती. पुढे 2023 मध्ये ऑसिमर्टिनिब या नव्या, महागड्या गोळीलाही केमोची जोड देऊन पाहिली, तेव्हा तो काळ 16.7 महिन्यांवरून 25.5 महिन्यांवर गेला. जोडीची कल्पना तिथेही टिकली.

आता आष्टीच्या माणसाच्या वाट्याला येणारी खरी अडचण. ती जनुकात नाही, मेणाच्या छोट्या वडीत आहे. बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून मग मेणात बसवतात. त्यालाच दवाखान्यात ‘ब्लॉक’ म्हणतात. जनुकांची तपासणी त्याच्यावर होते. तुकडा नखाएवढाही नसतो. साध्या निदानासाठी त्याचे भरमसाट काप काढले, तर पुढे उरत काही नाही. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये दिवसेंदिवस पडून राहिला तर डीएनए तुटतो. तळेगाव फाट्यावरून नागपूरला जा नाहीतर आर्वीवरून वर्ध्याला, फाइलबरोबर हा ब्लॉकही नातेवाइकांच्या पिशवीतून फिरतो. त्याची पावती जपावी, आणि मे महिन्यात तो गाडीच्या काचेजवळ ठेवू नये. विदर्भातल्या उन्हात मेण मऊ पडतं. छातीतून पाणी काढलं असेल तर तेही फेकू देऊ नये. त्यातल्या पेशींचा ब्लॉक बनवून त्यावर हीच तपासणी करता येते, आणि दुसरी बायोप्सी टळते.

जनुक पाहून औषध ठरवणं आपल्या तालुक्यांना तसं नवं नाही. टीबीसाठी थुंकीची सीबीनॅट तपासणी होते, ती हेच करते. जंतूच्या आरपीओबी जनुकात बदल दिसला, तर रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालणार नाही हे दोन तासांत कळतं. तिथे ती तपासणी सरकारी खर्चाने, ठरल्या वाटेने होते. कॅन्सरमध्ये जनुकांची तपासणी डॉक्टरने लिहून देण्यावर आणि घरच्यांनी पाठपुरावा करण्यावर राहते. रिपोर्टला आठवडा-दोन आठवडे लागतात. माणूस फारच खालावलेला असेल तर डॉक्टर तोवर केमो सुरू करतात, आणि ते योग्यच.

ईजीएफआर ‘निगेटिव्ह’ आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. एएलके या जनुकाची दुसर्‍या जनुकाशी होणारी जोडणी जपानी संशोधकांनी 2007 मध्ये शोधली. ती थोड्यांतच सापडते, पण आज लोर्लाटिनिब या गोळीवर तिचे साठ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही रोग न वाढता जगत असल्याची नोंद आहे. चौथ्या स्टेजच्या फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल असं वाक्य वीस वर्षांपूर्वी कुणी लिहिलं नसतं.

गोळी कायमची पुरत नाही, हेही खरं. गेफिटिनिबवर साधारण वर्षभरात गाठ वाट काढते, आणि निम्म्याअधिक वेळा ती वाट म्हणजे त्याच जनुकातला टी790एम हा नवा बदल. तो रक्ताच्या नमुन्यातही दिसू शकतो, कारण गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. रक्तात नाही दिसला तर मात्र पुन्हा बायोप्सी करावी लागते. दिसला, तर ऑसिमर्टिनिब चालतं. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात त्यावरचं सीमाशुल्क माफ झालं. तरी ते गेफिटिनिबच्या तुलनेत फार महाग आहे, आणि पहिली गोळी सुरू करतानाच घरच्यांशी या दुसर्‍या खर्चाबद्दल बोलून ठेवणारा डॉक्टर मिळाला, तर शेत विकायचं की नाही याचा विचार रात्रीतून करावा लागत नाही.